विकता का?

आमच्या सोसायटीतले चुरीकाका झाडाच्या सावलीत उभे राहत नाहीत.

डहाणूचा एप्रिल ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको. समुद्र जवळ असल्यामुळे घाम वाळत नाही आणि ऊन डोक्यावरून हलत नाही. एसटी स्टँडसमोर एक जुना पिंपळ आहे. बस येईपर्यंत अख्खं गाव त्याच्याखाली गोळा होतं. शाळेची पोरं, टोपल्या घेतलेल्या कोळणी, तहसीलला खेटे घालणारे लोक, दोन कुत्री आणि एक कायमची बकरी. चुरीकाका तेवढे बाहेर. भर उन्हात, ताठ, पांढरा बुशशर्ट पाठीला चिकटलेला. आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री, मिटलेली.

"काका, सावलीत या," कोणीतरी नवखा हाक मारतो.

"तिचा भाव मला ठाऊक नाही," काका सांगतात. "भाव ठाऊक नसलेली वस्तू मी वापरत नाही."

"मग छत्री तरी उघडा!"

"ती माझी नाही."

नवखा माणूस आमच्याकडे बघतो आणि आम्ही दुसरीकडे बघतो. मी शाळेत गणित शिकवते. सकाळी मला हीच बस असते. शेजारधर्म म्हणून काकांजवळ उभं राहावं तर उन्हात उभं राहावं लागतं, आणि विद्यार्थी बघत असतात. त्यामुळे मी पिंपळाखाली मागच्या बाजूला उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली पर्समध्ये नसते, घराला कुलूप लावून ती मी शेजारी देते, हे काकांनाही ठाऊक होतं. पण लाज राखायला पर्स बरी पडते.

काका मूळचे बोर्डीचे. घरची चिकूची वाडी भावांकडे आहे. हे सरकारी नोकरीत होते. रस्ता, धरण, विजेची लाइन असं काही जायचं ठरलं की वाटेतल्या झाडांची किंमत ठरवायला जो माणूस फीत घेऊन येतो ना, तो म्हणजे काका. छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, गेरूने नंबर टाकायचा, आणि झाड कुठल्या रकान्यात बसतं ते लिहायचं. इमारती, फळझाड, नाहीतर जळाऊ. आता निवृत्त झाले. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. एकटेच राहतात. पण ती कापडी फीत अजून खिशात असते. बोलता बोलता ती बाहेर येते आणि जे समोर असेल त्याभोवती जाते. आमच्या भाचीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या दारातल्या केळीचा घेर मोजला होता. नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

फितीपेक्षा छळ त्यांच्या प्रश्नाचा. विकता का?

मी पुरणपोळी घेऊन गेले की ते झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, "विकता का?"

"अहो, विकते कसली! सणाची आहे."

"मग किंमत निरंक," म्हणतात आणि खातात. चार खातात.

सुट्टीत मी पाड्यावरच्या मुलींना घरी बोलावून गणित शिकवते. त्यावर, "विकता का? नाही? निरंक." आमचे हे रेल्वेत आहेत. ते गच्चीत बासरी वाजवतात, म्हणजे तसा प्रयत्न करतात. काकांनी एकदा खालूनच ओरडून विचारलं, "विकता का?" यांनी तीन दिवस बासरीला हात लावला नाही. त्या एका वेळी मात्र काकांचे आभार मानावेत असं मला मनापासून वाटलं होतं.

सरकारी कागदावर जिथे काही नसतं तिथे निरंक लिहितात. काकांच्या तोंडात तो शब्द असा बसला होता की डॉक्टरने भूक कशी आहे विचारलं तरी "निरंक" म्हणायचे, आणि डॉक्टर औषध बदलायचा.

आता आमच्या जांभळाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

सोसायटीच्या आवारात फाटकाजवळ एक जुनं जांभूळ आहे. बिल्डिंग बांधली त्याच्या कितीतरी आधीचं. मे महिना संपत आला की ते पिकतं आणि आवारभर जांभळा सडा पडतो. पूर्वी तो पोरांच्या जिभांवर आणि आमच्या पायऱ्यांवर पडायचा, तोवर कोणाची तक्रार नव्हती. मग सोसायटीत गाड्या आल्या. पहिल्या मजल्यावरच्या मगनभाईंचं स्टेशनजवळ किराणा दुकान आहे. त्यांनी पांढरी गाडी घेतली. पांढरी! जांभळाखाली! पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर तिचा जो अवतार झाला तो बघून मगनभाई देवाचं नाव घेऊन खाली बसले. तेव्हापासून प्रत्येक सभेत एकच विषय. झाड काढा.

डहाणूत झाड काढणं म्हणजे सोपं काम नाही. फांदी छाटायची म्हटली तरी दहा ठिकाणी विचारावं लागतं. तेव्हा मगनभाईंनी डोकं चालवलं. "आपडा चुरीकाका छे ने! आयुष्यभर तेच काम केला. ते लिहून देतील के झाडमां काही दम नथी. मग अर्ज पटकन पास."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सेक्रेटरी. काम माझ्या गळ्यात आलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते झाड नको होतं. पालापाचोळा झाडणाऱ्या बाईची कटकट रोज मीच ऐकते.

मला वाटलं होतं काका भडकतील. पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रीतसर करू. जसं नोकरीत केलं तसंच करू."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काका आवारात. फीत खोडाभोवती घालायला झाडाखाली जावं लागलं, तेव्हा ते मिटलेली छत्री काखेत धरून, चोरासारखे आत जाऊन, घेर मोजून लगेच उन्हात आले. मग घराघरांत फेरी सुरू झाली. सेक्रेटरी म्हणून मी मागे मागे.

मगनभाईंकडे पहिली बेल वाजवली.

"या झाडाची जांभळं विकता का?"

"अरे काका, आपण काय जांभळं विकणार?"

"तुमच्या बेडरूमवर त्याची सावली आहे. दुपारी एसी लावत नाही तुम्ही. ही गार हवा विकता का?"

"हवा?" मगनभाईंनी माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. "गांडा थई गया छे."

आतून मगनभाईंच्या बायकोने, रमाबेनने, डोकं काढलं. हातात सूप. सुपात गेल्या वर्षीच्या जांभळाच्या वाळलेल्या बिया. त्या कुटून ती चूर्ण करते आणि रोज सकाळी मगनभाईंना देते, कारण मगनभाईंना साखरेचा त्रास आहे.

"हे विकता का?" काकांनी विचारलं.

"ना रे काका! घरवास्ते."

"निरंक," काका म्हणाले आणि जिना चढायला लागले.

अशी सगळी बिल्डिंग झाली. कोणी जांभळं विकत नव्हतं, सावली विकत नव्हतं. पहाटे ओरडणारे कोकीळ विकत नव्हतं. माझ्या दारात आले तेव्हा मीच आधी हात जोडले. "नाही विकत, काका. काही विकत नाही. लिहा निरंक."

"झालं तर मग. रकाना जळाऊ, उत्पन्न निरंक," काका म्हणाले. "सही करून देतो. पण असा एक भाव मी आधी काढलेला आहे. तो एकदा बघून या माझ्याबरोबर. मग लगेच सही. रविवारी मी जाणारच आहे तिकडे."

"कुठे?"

"तलासरीच्या पुढे. सकाळी निघू."

एका सहीसाठी रविवार घालवायचा! मगनभाई म्हणाले, "जाव ने बेन, एक दिवसनो सवाल छे." त्यांच्या बापाचं काय जात होतं?

रविवारी एसटीत काका नेमके उन्हाच्या बाजूच्या खिडकीत बसले. तलासरीला उतरून आम्ही शेअरची इको गाडी पकडली. तीत माणसं इतकी होती की माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी आली. सपाटी मागे पडली, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं आणि पलीकडे डोंगर. पळसाचा बहर सरत आला होता. काका एरवी भरपूर बोलतात. त्या दिवशी गप्प होते. छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. मला आपलं वाटलं, ऊन लागलं असेल.

गाडी एका नव्या मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबली. रस्ता चांगला उंच भराव घालून नेलेला. एका बाजूला पाडा, दुसऱ्या बाजूला रान, मधून गाड्या सुसाट. कुठे झाडाचं पान नाही. डांबरावरून वाफा येत होत्या. आणि त्या कडेला, खडीवर गोणपाट टाकून, एक म्हातारी बाई ताडगोळे विकायला बसली होती. पळसाच्या पानांवर सोललेले ताडगोळे, बाजूला न सोललेल्या ताडफळांचा ढीग, डोक्यावर पदर आणि पदरावर ऊन.

"आला का फीतवाला!" तिने लांबूनच ओरडून स्वागत केलं. "मी बोललीच, आज येल. ही कोण? बायको केलीस का काय या वयात?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. इकोतले लोक अजून उतरत होते आणि त्यांना ते फारच आवडलं.

"सेक्रेटरी आहेत, चैतीबाई. आमच्या सोसायटीच्या," काका म्हणाले. आणि मग त्यांनी ते केलं जे मी त्यांच्या शेजारी राहायला आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी छत्री उघडली.

छत्री चांगली मोठी होती. ती त्यांनी चैतीबाईच्या डोक्यावर धरली, ताडगोळ्यांवरही सावली येईल अशी थोडी कलती, आणि स्वतः बाहेर उन्हात उभे राहिले. चैतीबाईने वर पाहिलंसुद्धा नाही. दरवर्षीची सवय असावी.

"दर साली येतं," ती मला म्हणाली. "मोहाची फुलं पडायच्या दिसांत. ताडगोळे खपंपर्यंत छत्री धरतं आन जातं. काय बोलत नाय, आपला उभा राहतं. चांगला सायेब हाय. बस तू, बस. तुना सांगते, याने काय केला."

मी गोणपाटाच्या टोकावर बसले आणि तिने एका हाताने कोयती चालवत गोष्ट सांगितली. ती सांगताना ती इतकी हसत होती की दोनदा कोयती खाली ठेवावी लागली.

आता जिथे आम्ही बसलो होतो तिथे मोहाचं झाड होतं. थोरलं. पाच घरांचं मिळून. फुलं पडायच्या आधी झाडाखालची जमीन साफ करायची आणि ती फांद्यांप्रमाणे वाटून घ्यायची, अशी रीत. डोंगराकडची फांदी चैतीबाईच्या घराची. पहाटे तिच्याखाली जे पडेल ते तिचं. दुसऱ्याच्या फांदीखाली कोणी हात घालायचा नाही. ती फुलं वाळवून वर्षभर पुरायची. भाकरीत घालायची, उकडून खायची, आजाऱ्याला द्यायची. बियांचं तेल निघायचं. बकऱ्या झाडाखाली, पाहुणे झाडाखाली, लग्नाची बोलणीही झाडाखालीच.

"आन एक दिस ही जीप आली. सरकारी. हा उतरला. खाकी पँट, डोल्यावर काला चश्मा. सरल झाडाखाली आला आन बोलला, मोह विकता का?" चैतीबाईने काकांचा आवाज इतका हुबेहूब काढला की मी चपापले. "आता सांग. जीप घेऊन माणूस येतं आन इचारतं, मोह विकता का. कोण हो बोलल? आमाना वाटला, मोहाची दारू पकडाय आलेला पोलीस! मंग सगला पाडा बोलला, नाय सायेब, आमी मोह इकत नाय. माझा दीर तर बोलला, मोह म्हंजे काय ते आमाना ठावंच नाय!" ती गुडघ्यावर हात मारून हसली. "आन मागं अंगणात सगला मोह वालत पडला होता! वास तं असा सुटलेला, की जीपवाला डायवर पन हसत होता."

मलाही हसू आवरेना. फक्त काका हसत नव्हते.

"याना दिसला सगला," चैतीबाई म्हणाली. "वास आला. पन हा काय बोलला नाय. कागदावर लिवला नाय, आन गेला. पोलीस आला नाय, काय नाय. वाचवला आमाना. असा सायेब कुठं भेटतं?" तिने गोणपाटाखालून प्लास्टिकची एक पुडी काढली. वाळलेल्या मोहाची. "याना दर साली देते. आता झाड नाय, तं पोरी रस्त्याच्या पार जातात रानात आणाय. माना काय हा रस्ता लांघता येत नाय. पन याची पुडी ठेवते मी."

काकांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सावली ताडगोळ्यांवरून सरकली आणि परत आली.

"चैतीबाई," ते म्हणाले, "मी वाचवलं नाही."

"आता काय नवीन?"

"मी पोलीस नव्हतो. झाडाची किंमत करायला आलो होतो. झाडाचं उत्पन्न काय, ते लिहायचं होतं. विकता असं तुम्ही म्हणाला असता तर मला लिहिता आलं असतं. नाही म्हणालात, म्हणून मी निरंक लिहिलं. मोह जळाऊत टाकला. सरपण म्हणून, आणि भरपाईही तेवढीच. मला वास आला होता. अंगणात काय वाळतंय ते मी पाहिलं होतं. तुम्ही घाबरून बोलताय हेही कळलं होतं. मला वाटलं, कशाला यांच्या मागे ससेमिरा, न लिहिलेलं बरं. जीपमध्ये बसताना मी स्वतःवर खूष होतो, चैतीबाई. नंतर कितीतरी दिवसांनी डोक्यात आलं, की मी दोन शब्द बोलायला हवे होते. मी कोण आणि कशाला आलोय, एवढंच. मग तुम्हीच सगळं सांगितलं असतं. दरवर्षी हे सांगायला येतो आणि तुम्ही आधीच आभार मानता. मग जमत नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग दुसरा. चैतीबाईच्या हातातली कोयती तशीच होती.

"सरपण?" ती म्हणाली.

"हो."

"आमचा मोह?"

काकांनी मान डोलावली. मी खाली बघत होते. माझ्या पर्समध्ये आमच्या जांभळाचा कागद होता, सहीसाठी आणलेला, त्याच्यावरही 'जळाऊ' हाच शब्द होता आणि तो माझ्याच अक्षरात होता. मला त्या क्षणी माझी स्वतःचीच विलक्षण लाज वाटली. वर बघायचं धैर्य होईना.

"तवा बोलायचा होता," चैतीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सगली घरं गोला होती तवा. माझा दीर होता. आता कोणाना सांगू मी?"

"हो."

"बंद कर ती छत्री."

काकांनी छत्री बंद केली. ऊन तिच्या डोक्यावर पडलं आणि ती पदर ओढून ताडफळं फोडत राहिली. काका तिथेच उभे राहिले, मिटलेली छत्री धरून. शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोराचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी कितीतरी पोरांना तसं उभं केलं आहे. मला उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं, पण जायला कुठे झाडही नव्हतं.

एक गाडी थांबली. काच खाली झाली. आतून एका पोरीने विचारलं, "मावशी, विकता का?"

"इकते," चैतीबाई म्हणाली. "कवढे पाहिजेत?"

त्यांना बरेच पाहिजे होते. तिच्यापुढे सोललेले पुरेसे नव्हते. तिने एकदा काकांकडे बघितलं, आणि ताडफळातून काढलेल्या गोळ्यांची थाळी त्यांच्याकडे सरकवली. "उभा काय राहतंस? बस. सोल."

काका बसले. बोर्डीचा माणूस, ताडगोळा सोलणं त्यांना नवं नव्हतं. नखाने वरचं साल काढून ते एकेक गोळा पानावर ठेवत गेले. बाजूला मीही सोलायला लागले आणि माझे निम्मे फुटले. चैतीबाई माझे फुटलेले गोळे बघून बाजूला करत होती. ती गाडी गेली, आणखी दोन आल्या. दुपार झाली. काकांचा बुशशर्ट पाण्यातून काढल्यासारखा झाला होता.

परतीची इको दिसली तेव्हा काका उठले. पुडी गोणपाटावर तशीच पडली होती, त्यांच्या आणि तिच्या मधे. त्यांनी ती उचलली नाही. आधी छत्री उचलली. मग थांबले. त्यांच्या तोंडून तोच प्रश्न निघाला. पण मी आजवर ऐकला होता तसा नव्हता. आवाज अगदी खाली गेलेला.

"चैतीबाई, हा मोह... विकता का?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. पुडी उचलून त्यांच्या खिशात, जिथे ती फीत असते, तिथे कोंबली.

"नाय," ती म्हणाली. "आमी मोह इकत नाय."

इकोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकांनी छत्री तिच्याजवळ ठेवायला खाली वाकून हात पुढे केला, तर तिने ती परत त्यांच्याच हातात दिली. "पुढल्या साली आण," म्हणाली. "आता माना उन्हात बसू दे."

तलासरी ते डहाणू अख्ख्या एसटीत मोहाचा वास सुटला. गोड, थोडा आंबूस, लपवता न येणारा. समोरची बाई नाकाला पदर लावून आमच्याकडे बघत होती. कंडक्टरने तिकीट देताना आधी काकांचं तोंड हुंगलं, मग विनाकारण माझं. मी डहाणूत निम्म्या गावाची गणिताची बाई आहे. त्या बसमध्ये माझे किमान दोन माजी विद्यार्थी होते. काकांनी खिसा दाबून धरला, मान खाली घातली आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं, बाई."

"हो ना," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सोसायटीत पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. जांभळाची सावली संध्याकाळी लांब होते आणि फाटकापासून जिन्यापर्यंतची सगळी वाट झाकते. म्हणूनच काका कधी संध्याकाळी घरी येत नाहीत. दिवस बुडेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहतात. इतकी वर्षं आम्ही त्यांना तसं बघून घरातूनच हसत आलो.

मगनभाई जांभळाखाली खुर्ची टाकून आमची वाटच बघत होते. "शुं थयु बेन? सही झाली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी शब्द दिला होता, ते सही करणार होते. मी पर्स उघडली असती तर त्यांनी पेनही काढलं असतं. मी पर्स उघडली नाही.

"सभा परत बोलवावी लागेल, मगनभाई," मी म्हणाले. "चौकशी नीट झालेली नाही."

"कोने केली नाही?"

"मी."

मगनभाई काहीतरी पुटपुटत वर गेले. थोड्या वेळाने त्यांच्या खिडकीतून खलबत्त्याचा आवाज यायला लागला. रमाबेन बिया कुटत होती.

काका नेहमीसारखे फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, उरलेल्या उन्हात उभे होते. "काका, आत या," मी म्हणाले.

"आज नको, बाई," ते म्हणाले. "आज तर अजिबातच नको."

मी आत गेले. मगनभाईंनी टाकलेली ती प्लास्टिकची खुर्ची उचलली, माझ्या दारातली दुसरी घेतली, आणि दोन्ही फाटकाबाहेर आणून ठेवल्या. रस्त्यावरून ओळखीची माणसं जात होती. सेक्रेटरीबाई रस्त्यात खुर्ची टाकून का बसल्यात, असं एकाने विचारलंही. काकांनी पुडी उघडून माझ्यापुढे धरली. मी दोन फुलं तोंडात टाकली. चिकट, मनुकांसारखी, नंतर जिभेवर काहीतरी उग्र राहतं.

"कसं आहे?" काकांनी विचारलं.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुडी दोघांच्या मधे ठेवली. दिवस बुडून जांभळाची सावली दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.